मैत्रीण यजमान होऊन आली

माझ्या सासूबाईंची अजूनही अशी समजूत आहे की पुरण वाटताना मी कानात हेडफोन घालते ती हरिपाठ ऐकायला. आल्यागेल्या बायकांना त्या कौतुकानं सांगतात, "सून लई धार्मिक हाय आमची." तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. खरं तर त्या वेळी माझ्या कानात इंग्लंडमधली एखादी म्हातारी सरदारीण आवाज जराही न चढवता सुनेचा पाणउतारा करत असते, आणि पुरणयंत्राचा दांडा फिरवता फिरवता मी कुणाची बाजू घ्यायची ते ठरवत असते. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला असतो. मधूनमधून डोळे तिकडं जातात, त्यानं पुरणाचं काही बिघडत नाही.

माझं माहेर परंड्याचं. वडील तिथं हायस्कूलला शिक्षक होते आणि घरात पुस्तकं होती, एवढंच आमचं वैभव. मी सोलापूरला राहून इंग्रजीत एम.ए. केलं, कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर थोडं शिकवलं आणि लग्न होऊन तुळजापूरला आले. नोकरीचं काय, असं विचारलं की घरात उत्तर मिळायचं, "एवढं नवरात्र होऊ दे, मग बघू." नवरात्र दर वर्षी येतं, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. एम.ए. झालेल्या बाईनं इतकं मठ्ठ असू नये.

पुजाऱ्याचं घर कसं चालतं हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. देवी ज्यांचं कुलदैवत, त्या घराण्यांचे पुजारी पिढ्यानपिढ्या ठरलेले असतात. गाव आणि आडनाव कळलं की कोण कुणाकडचं ते कळतं. म्हणून तुळजापुरात गाडीतून पाय खाली ठेवणाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारतात, "गाव कुठलं? आडनाव काय?" माणसं आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात, तो त्यांचा अभिषेक करून देतो आणि त्याच्या घरच्या बायका त्यांच्या नैवेद्याचा पुरणाचा स्वयंपाक करतात. या येणाऱ्यांना आम्ही यजमान म्हणतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या यजमानांच्या आणि खालचं स्वयंपाकघर माझं. यजमान जेवून उठल्याशिवाय घरातल्या बायका जेवत नाहीत आणि त्यांच्यात जाऊन गप्पा मारत बसत नाहीत. तसं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत असतं.

अशा घरात मी इंग्रजी मालिकांच्या नादी लागले त्याला माझा भाऊ कारण. "ताई, तुझं इंग्रजी गंजून जाईल," असं म्हणून त्यानं आपल्या खात्यावर मलाही बघायची सोय करून दिली. मग मी बघतच सुटले. मोठमोठ्या हवेल्या, वरच्या मजल्यावर मालक आणि तळघरात नोकर, धुक्यातले खून, साळसूद पाद्री, ओव्हरकोट घातलेले दमलेले इन्स्पेक्टर. आणि एक दिवस याच मालिकांवर गप्पा मारणारा मराठी लोकांचा ऑनलाइन ग्रुप सापडला. त्यात पुण्या-नाशिकच्या बायका जास्त, दोघी-तिघी तर प्रत्यक्ष इंग्लंडात राहणाऱ्या. आमच्या जिल्ह्यातले म्हणाल तर मी आणि उमरग्याचे एक डॉक्टर. डॉक्टरांचं म्हणणं असायचं की त्या इन्स्पेक्टरचा खोकला खोटा आहे, खरा दमेकरी असा खोकत नाही. बाहेर बाकावर पेशंट खोकत बसलेले असताना ते हे लिहीत असणार.

ग्रुपचे नियम कडक होते. टोपणनावानं यायचं, कुणाचं खरं नाव खोदून विचारायचं नाही आणि सगळ्यांचा भाग बघून होईपर्यंत शेवट फोडायचा नाही. बाकी भांडायला मोकळीक. इंग्लंडात नटांचा दुष्काळ असावा, कारण फिरून फिरून तीच माणसं. काल जो पाद्री होता तो आज खुनी, मागच्या महिन्यात जी विष घालत होती ती आता राणीची दासी. कोण कशात शोभतं यावरून आमच्यात दिवस दिवस वाद चालायचे. एका नटीला रडता येत नाही, ती नुसती मान वळवते, असं मी एकदा लिहिलं तर तिचे चाहते माझ्या अंगावर धावून आले. त्या गर्दीतून एकीनं लिहिलं, "पण ती मान वळवते तेव्हा आपण रडतो. म्हणजे तिचं काम झालं की." मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि आवडलंही. तीच ही माझी मैत्रीण.

ती पुण्याची. मोठ्या कंपनीत अधिकारी होती, लवकर निवृत्त झालेली. ग्रुपवरून आम्ही दोघींच्याच वेगळ्या गप्पांत कधी गेलो ते कळलंही नाही. 'तुम्ही'चं 'तू' झालं. आमचा एक खेळ होता. इंग्लिश माणसं मनातलं बोलत नाहीत. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळलेली बाई खिडकीशी उभी राहून म्हणते, "पाऊस थांबलेला दिसतो." मग मैत्रीण मला लिहायची, "हिला तुमच्याकडची कर बघू." मी लिहायचे, "थांबला पाऊस. आता उचला बोचकं अन् जावा तिच्याकडं." ती इतकी हसायची की लिहायचं सोडून आवाजातला निरोप पाठवायची, आणि त्यात बराच वेळ नुसतं हसणंच असायचं. ते हसणं मी पोळ्या लाटताना पुन्हा पुन्हा ऐकलेलं आहे.

हे सगळं पोरकट वाटेल. पण लग्न झाल्यापासून "मीठ बेतानं घातलंस न्हवं?" याखेरीज या घरात मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. माणसं वाईट नाहीत, विचारायची पद्धत नाही, एवढंच. ती मात्र प्रत्येक भाग संपला की विचारायची, "तुला काय वाटलं?" आणि मला काय वाटलं ते खरोखर वाचायची, त्यावर दुसऱ्या दिवशी भांडायची. जगात एकच माणूस असं होतं की ज्याला माझं डोकं आवडत होतं. ते माणूस आपलं राहावं, याहून जास्त मला काही नको होतं.

मी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. पूर्वी शिकवत होते, आता घरीच असते, तुळजापूरला देवळाजवळ राहते, घरात पूजाअर्चा असते, हे तिला माहीत होतं. तिला ते फार छान वाटायचं. "किती शांत असेल गं तुझं आयुष्य," असं ती लिहायची, आणि वरून कुणीतरी गरम पाण्यासाठी हाका मारत असायचं.

मग तिच्या मुलाचं लग्न झालं. एका दुपारी तिचा निरोप आला की नव्या जोडीला कुलदैवताला न्यायचं आहे, आणि आमचं कुलदैवत म्हणजे तुमची देवीच आहे, येतोय आम्ही! वाचून मी स्वयंपाकघरात नाचायची तेवढी बाकी राहिले. आणि त्या आनंदात माझ्या बोटांनी जे लिहायचं नव्हतं तेच लिहिलं, "मूळ गाव कुठलं गं? आडनाव काय?"

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना आडनाव विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर तिनं विचारलं असतं, कधी येताय, किती जण आहात. पण तुळजापूरच्या घरात माझ्याएवढी वर्षं काढलेल्या बाईला कुणी "येतो" म्हणालं की हाच प्रश्न सुचतो. तिनं भाबडेपणानं सांगून टाकलं, फलटणजवळचं एक खेडं आणि एक आडनाव. मी सासूबाईंना विचारलं, हे कुणाकडचे? त्या देवासाठी वाती वळत होत्या. त्यांनी कापूस खाली ठेवला.

"अगं, आपलेच की ह्ये! ह्यांच्या आजेसासऱ्यापासून आपल्याकडं उतरत्यात. मधी लई वर्सं आले न्हाईत. तुला कुणी सांगितलं?"

"माझी मैत्रीण आहे ती," मी म्हणाले.

"मैत्रीण कशी आसंल? यजमान हायती ती आपली."

मी मैत्रिणीला कळवलं. तिनं लिहिलं, "म्हणजे आपलं नातं जुनंच निघालं की गं!" आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या खूश झालो. मी तोंड मिटून बसले असते, तिला एखाद्या लॉजवर उतरू दिलं असतं आणि भाजी आणायच्या निमित्तानं जाऊन तिला भेटले असते, तर दोन बायका कुठंतरी बाकावर बसून पोटभर बोलल्या असत्या. पण नाही. मी स्वतःच तिला आमच्या वरच्या खोलीत आणून बसवलं, आणि मग ती माझी राहिली नाही.

तिच्यासाठी मी सोलापूरहून चिनी मातीची किटली आणि निळ्या फुलांचे कप आणले. नवरा म्हणाला, "कप कशाला? स्टीलचे हायती की मायंदाळ." मालिकेतल्यासारखा चार वाजताचा चहा घ्यायचा, असं आमचं दोघींचं ठरलं होतं. कपांचा फोटो मी तिला पाठवला. तिनं लिहिलं, "माझ्या सासूबाई आडव्या झाल्या की आपण दोघीच बसू. रात्रभर राहणार आहोत, भरपूर बोलू." एकमेकींचे फोटो आम्ही आधीच पाहिले होते, त्यामुळं ओळख पटण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी सकाळी सोलापूर सोडल्यावर तिचा निरोप आला, "तासाभरात पोचतो गं!" मी तांबड्या काठांची साडी नेसून दारात उभं राहायचं ठरवलं होतं. पण पुरण शिजत आलेलं, ते टाकून कुठं जाणार? गाडी आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत कणकेनं भरलेले होते, पदर खोचलेला होता आणि कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

दारात नवरा मोठ्यानं म्हणत होता, "या, या. लई वर्सांनी पाय लागले." सासूबाईंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी बाहेर गेले. तिच्याबरोबर तिची सासू, मुलगा आणि नवी सून होती, आणि ती सगळ्यांच्या पुढं उभी होती. फोटोत दिसायची त्यापेक्षा बारीक, कापलेले केस, मोतिया रंगाची साडी. मी हसले. मला वाटलं, आता ही माझं टोपणनाव घेऊन ओरडणार आणि गळ्यात पडणार. तिनं मला ओळखलं. ते मी तिच्या डोळ्यांत स्पष्ट पाहिलं. मग तिनं माझ्या कणकेच्या हातांकडं पाहिलं, खोचलेल्या पदराकडं पाहिलं, आणि मान वळवून मागं उभ्या असलेल्या सुनेकडं पाहिलं.

"तुम्ही पुजारीबाई का?" ती म्हणाली. "नमस्कार."

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? सासूदेखत बोलायचं अवघड वाटलं असेल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. आत गेले तर सासूबाई म्हणाल्या, "त्ये नवे कप काढ. कवाचे आणून ठिवलेत." मी निळ्या फुलांच्या कपांत चहा ओतला, ट्रे घेऊन वर गेले, एकेकाच्या पुढं धरला. तिनं कप उचलला, त्यावरची फुलं बोटानं चाचपली आणि मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी साखर थोडी कमी घाला, चालेल ना?" मी चालेल म्हणाले.

मंडळी अभिषेकाला गेली. मी पोळ्या लाटल्या. ती परत आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, जरा वर जाऊन बोलून येऊ का तिच्याशी?

"तू कशाला त्यांच्यात जाऊन बसतीस? बरं दिसतंय व्हय त्ये? यजमान अवघडत्यात."

"जेवणं तर उरकू दे," नवरा म्हणाला. "मग बोल की काय बोलायचं त्ये."

वरच्या सोप्यात पंगत बसली. मी वाढलं. तिच्या सासूबाईंनी कटाच्या आमटीची दोनदा स्तुती केली. ती मात्र ताटातून डोळे वर करत नव्हती. एकदा माझा हात तिच्या ताटावर असताना ती हळूच काहीतरी बोलेल असं वाटलं, म्हणून मी तूप वाढायला उगीच वेळ लावला. "बास," ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी ताटं उचलायला गेले. सासू आडवी झाली होती, मुलगा खाली उतरला होता. ती आणि सून खिडकीत उभ्या होत्या. सून चांगली मुलगी दिसत होती, मोकळी. ती म्हणाली, "आई, तुमच्या त्या मालिकांच्या ग्रुपमधली मैत्रीण इकडचीच आहे ना? ती भन्नाट लिहिणारी? तुम्ही तर म्हणाला होतात, आपण तिला भेटणार म्हणून."

मी खाली वाकून ताटं एकात एक घालत होते. तशीच थांबले.

"ती धाराशिवला असते," मैत्रीण म्हणाली. "प्रोफेसर आहे ना कॉलेजात. तिला आज वेळ नव्हता."

"अरेरे. मला फार इच्छा होती हो. तुम्ही घरी किती सांगता तिच्याबद्दल."

"पुढच्या वेळी," असं म्हणून ती वळली आणि मी तिथं आहे हे तिला दिसलं. मी तिथं आहे हे तिला आधीही माहीत होतं, हे मी शपथेवर सांगेन. "ताटं राहू द्या वहिनी," ती म्हणाली, "आम्ही गोळा करून ठेवतो."

"राहू द्या कशी?" मी म्हणाले. "आमचं कामच आहे ते."

आणि सगळ्यात आधी तिचं ताट उचललं. खाली आल्यावर ती चवड मी मोरीत अशी आपटली की सासूबाई दचकल्या. काय झालं गं, म्हणाल्या. काही नाही, म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला होता. दुसऱ्या कशाचा झाला नसता, पण तिनं घरी माझं कौतुक केलं होतं, याचा झाला. माझ्याबद्दल ती घरी भरभरून सांगत होती. फक्त ती जिच्याबद्दल सांगत होती ती बाई तिला धाराशिवला हवी होती, खुर्चीवर बसलेली, हाताला कणीक न लागलेली. तळघरातल्या स्वयंपाकिणीला मालकीण ओळख दाखवत नाही, असा एक प्रसंग एका मालिकेत होता. त्यावर या बाईनं ग्रुपवर पानभर लिहिलं होतं, माणुसकी वगैरे. मीच त्याला सगळ्यात आधी वाहवा दिली होती.

तू तिथंच का नाही बोललीस, असं कुणी विचारेल. वरच्या खोलीत उभं राहून, "ती प्रोफेसर मीच," एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती? एक तर आमच्या घरात यजमानाला त्याच्या सुनेसमोर खोटं पाडणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. नवऱ्यानं मला जन्मभर ऐकवलं असतं. पण ते राहू दे. मैत्रिणीनं आपण होऊन ओळख दाखवायची असते. मी दाखवायला लावली असती तर ती ओळख घेऊन मी काय करणार होते?

राहायचं ठरलेलं होतं तरी दुपारीच तिनं परत निघायचं काढलं. लग्नानंतरचा गोंधळ घालायचा बाकी होता, तिची सासू कुरकुरत होती. मैत्रीण म्हणाली, मुलाला उद्या काम आहे. मग निघायच्या आधी ओटीचं झालं. पुजाऱ्याच्या घरच्या सवाष्णीची ओटी भरतात, दक्षिणा देतात, आणि तिच्या पाया पडतात. त्या दिवसापुरतं तिला देवीच्या ठिकाणी मानतात. ती दक्षिणा नाकारली तर यजमानाची पूजा अपुरी राहिली असं होतं. मला पाटावर बसवलं. तिच्या सासूनं खण-नारळानं ओटी भरली, नव्या सुनेनं नमस्कार केला. मग सासू तिला म्हणाली, "तू कशाची वाट बघतेस? पड पाया."

ती पुढं आली. पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि वाकली. माझी बोटं तिच्या डोक्याला लागली. जिला कडकडून भेटायचं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली, ती माझ्या पायाशी होती, आणि तिथून उठताना तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. मी म्हणाले, "अखंड सौभाग्यवती व्हा." माझा आवाज अगदी नीट निघाला. त्या सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त राग माझ्या त्या नीट आवाजाचा आला. पाकीट मी सासूबाईंकडं दिलं आणि भांडी घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तिनं लांबलचक लिहिलं. घाटातला वारा, देवीचं रूप, कुंकवाची दुकानं. आणि मग हे, "आमच्या पुजाऱ्यांकडे उतरलो होतो. त्यांचं खालचं स्वयंपाकघर बघून मला आपल्या मालिकेतलंच स्वयंपाकघर आठवलं! ती बाई बिचारी पहाटेपासून उभी होती. पण चेहऱ्यावर काय समाधान!" खाली बदामांचा पाऊस. इंग्लंडातल्या एकीनं लिहिलं, अशी साधी माणसं आता कुठं बघायला मिळतात. उमरग्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "तिकडच्या आमच्या ताई भेटल्या की नाही?" तिचं उत्तर होतं, "नाही ना डॉक्टर. चुकामूक झाली."

समाधान! मी त्या वेळी तिची ताटं मोरीत आपटत होते.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. काही दिवसांनी तिचा मला वेगळा निरोप आला. "रागावलीस का गं? अगं, घरी कुणाला ग्रुपबद्दल काही माहीत नाही. सांगितलं असतं तर शंभर प्रश्न. तू समजून घेशील, खात्री आहे मला." सून खिडकीत उभी राहून काय म्हणाली होती ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, हे तिला माहीत होतं. तरी तिनं हे लिहिलं. म्हणजे मी ते ऐकलं नाही असं आता आम्ही दोघींनी मिळून धरून चालायचं होतं.

झोंबेल असं मला लिहिता येतं, आणि ती त्याचीच वाट बघत असणार. मी चार शब्द सुनावले असते की तिनं माफी मागितली असती, थोडं रडली असती, आणि महिन्याभरात आम्ही पुन्हा कुठल्या नटानं मिशा काढायला नको होत्या यावर आलो असतो. तिला हलकं वाटलं असतं. ते सुख मी तिला द्यायचं नाही असं ठरवलं. सासूबाई इकडं माझ्या मागं लागलेल्याच होत्या की त्या यजमानांना गोंधळाचं कळव, नव्या जोडीचं अर्धवट ठेवू नये. मी लिहिलं, "नमस्कार. नव्या जोडीचा गोंधळ घालायचा राहिला आहे. चैत्र पौर्णिमेला यावं, असा आमच्या सासूबाईंचा निरोप आहे. उतरण्याची आणि स्वयंपाकाची सोय होईल."

पाठवलं आणि फोन हातात धरून बसले. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की हे वाचून तिला लागेल. ती चिडेल, लगेच फोन करेल, हे काय परक्यासारखं लिहितेस म्हणून भांडेल. एवढं भांडली असती तरी मी सगळं विसरले असते.

उत्तर लगेच आलं. "नमस्कार वहिनी. नक्की येऊ. पौर्णिमेला गर्दी असेल, तेव्हा दोन खोल्या आमच्यासाठी ठेवा."

मी उठले आणि सासूबाईंना सांगितलं, की चैत्रात यजमान येणार आहेत, वरच्या दोन खोल्या कुणाला देऊ नका.